कोलारच्या पाताळातील वेधशाळा

आकाशाचा वेध घ्यावयाचा तर उंच चढावे, ही माणसाची फार जुनी समजूत आहे आणि वेधशाळांच्या इतिहासाने ती बहुतांशी खरीही ठरवली आहे. असे असता, विश्वातील अत्यंत प्रखर घडामोडींतून पृथ्वीवर येणाऱ्या किरणांचा माग काढण्यासाठी आपल्याच देशातील काही तरुण शास्त्रज्ञ गेल्या शतकाच्या मध्यास डोंगर चढावयाचे सोडून एका सोन्याच्या खाणीत उतरले, आणि जमिनीखाली सव्वादोन किलोमीटरांहूनही खोल, जेथे दिवस आणि रात्र हा भेदच उरत नाही अशा काळोखात आपली यंत्रे मांडून चार दशके बसले, हे प्रथम वाचले म्हणजे कोणासही नवल वाटावे. ती खाण कोलारची. जगातील अतिखोल खाणींत तिची गणना होत असे. आणि माझे स्पष्ट मत असे आहे की, तिने दिलेल्या सोन्याहून तिने दिलेला काळोख अधिक मोलाचा होता.

कोलार हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नसावे. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूरबरोबर कोलारचाही समावेश होता. परंतु त्या काळी तेथील महसूल मोजला जाई तो शेतीचा आणि तळ्यांचा. मातीखालच्या धातूची वार्ता सरकारदरबारी पोहोचली ती पुष्कळ उशिरा. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि म्हैसूरच्या नव्या राज्याच्या सरहद्दी आखण्याचे काम कंपनी सरकारने हाती घेतले. त्या मोजणीवर असलेल्या जॉन वॉरन नावाच्या लेफ्टनंटाच्या कानावर १८०२ मध्ये या भागातील सोन्याची बातमी आली. त्याने बक्षीस लावले, तेव्हा ऊरगामचे गावकरी मातीने भरलेल्या गाड्या घेऊन त्याच्यापुढे आले आणि त्याच्या देखत ती माती त्यांनी धुऊन दाखवली. गाळ वाहून गेला आणि तळाशी पिवळे कण उरले. जवळच मारिकुप्पम येथे गोरगरीब माणसे हातांनी खणलेल्या खड्ड्यांत उतरून दगड वर काढीत असत, हेही त्याने नोंदवून ठेवले. म्हणजे साहेबाने ‘शोध’ लावण्यापूर्वी त्या सोन्याची ओळख तेथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्यांची होती.

वॉरनचा हा अहवाल पुढे सत्तर वर्षे दप्तरात पडून राहिला. न्यूझीलंडच्या लढाईतून निवृत्त होऊन बंगळूरच्या छावणीत राहिलेल्या मायकेल लव्हेल या आयरिश सैनिकाच्या वाचनात तो आला, आणि त्याने १८७३ साली म्हैसूर सरकारकडे अर्ज करून १८७५ मध्ये खाणकामाचा परवाना पदरात पाडून घेतला. त्याच्याजवळ भांडवल नव्हते. परवाना हातोहात फिरला आणि अखेर १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या पेढीने येथे पाय रोवले. पुढची कथा भरभराटीची आहे. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्रम येथून जवळजवळ दीडशे किलोमीटर तारा ओढून या खाणींत वीज आणली गेली. आमच्या खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले ते १९१५ मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे कोलारच्या सोन्याने काय काय ओढून आणले याचा अंदाज येतो.

मात्र ही भरभराट कोणाच्या पाठीवर उभी होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. उत्तर अर्काट आणि त्याच्या आसपासच्या तामिळ मुलखातून आलेले, बहुसंख्येने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील हजारो मजूर कुडाच्या चाळींत राहून या विवरांत उतरत. खोलवर गेल्यावर खडकावरचा ताण असह्य होऊन तो स्फोटासारखा फुटे आणि माणसे जागच्या जागी गाडली जात. जे त्यातून वाचत त्यांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ वर्षानुवर्षे साठत जाई. सर्वांत खालच्या पातळ्यांवर खडकाचे तापमान ६० अंशांच्या वर असे. सोन्याची चोरी होऊ नये म्हणून खास कायदा होता, आणि या मजुरांच्या बोटांचे ठसे घेण्याचा हुकूम निघाला तेव्हा १९३० साली त्यांनी संप करून सगळे काम बंद पाडले. खाणीची एकेक पातळी म्हणजे अशा माणसांच्या एकेका पिढीचे आयुष्य होय. पुढे शास्त्रज्ञांना जी खोली आयती मिळाली, ती आयती कोणी करून ठेवली होती हे विसरता कामा नये.

आता वळू विश्वकिरणांकडे. १९१२ च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ बलूनमधून ५,००० मीटरांच्या वर गेला, आणि जसजसे वर जावे तसतसे हवेतील किरणोत्सर्गाचे प्रमाण वाढते असे त्याच्या उपकरणांनी दाखवले. किरण जमिनीतून येत असते तर वर जाताना ते घटावयास हवे होते. अर्थातच ते अवकाशातून येत होते. पुढील काही दशकांत त्यांचे स्वरूप उकलत गेले. तारे फुटतात तेव्हा, आणि त्याहूनही उग्र अशा काही स्थळी, प्रोटॉन व इतर अणुकेंद्रके प्रचंड वेगाने फेकली जातात. ती पृथ्वीच्या वातावरणावर आदळली की नव्या कणांचा वर्षाव होतो आणि तो आपल्यापर्यंत पोहोचतो. या वर्षावाचे गणित ज्यांनी मांडले त्यांत होमी भाभा अग्रणी होते. हाइटलर यांच्याबरोबर १९३७ मध्ये त्यांनी मांडलेला सिद्धान्त आजही त्या दोघांच्या नावांनी ओळखला जातो. १९३९ मध्ये सुटीसाठी स्वदेशी आलेले भाभा महायुद्धामुळे येथेच अडकले, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत विश्वकिरणांचे काम करू लागले, आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापून त्याच वर्षाअखेर तिला मुंबईस घेऊन आले. पेडर रोडवरील एका बंगल्यात, नंतर गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला, असा या संस्थेचा संसार हलत गेला.

त्या वर्षावातील बहुतेक कण काही मीटर खडकात विरून जातात. टिकून राहतो तो म्युऑन. आपल्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हे कण खडकात किती खोलवर जातात, हे मोजले तर मूळ किरणांची ऊर्जा किती असावी याचा अंदाज बांधता येतो. आणि मोजावयाचे तर खोल विवर हवे. बंगळूरच्या वास्तव्यामुळे भाभांना कोलार ठाऊक होते. १९५१ च्या सुमारास त्यांनी बी. व्ही. श्रीकांतन या तरुण सहकाऱ्यास तेथे धाडले. नंजनगूडचे हे गृहस्थ १९४८ मध्ये संस्थेत आले होते आणि पुढे तिचे संचालकही झाले. परंतु त्या वेळी त्यांच्याजवळ संस्थेत बनवलेले गायगर काउंटर, त्यांना जोडलेली विद्युत्‌मंडले आणि पुरेशी जिद्द एवढेच होते. खाणीच्या निरनिराळ्या पातळ्यांवर यंत्र मांडावे, काही आठवडे नोंद घ्यावी, मग ते आणखी खाली न्यावे, असा हा क्रम होता.

त्या प्रयोगांचा कळस झाला तो १९६० च्या आसपास. ओसाकाहून आलेले सबुरो मियाके आणि टाटा संस्थेचे व्ही. एस. नरसिंहम व पी. व्ही. रमणमूर्ती हे तिघे शास्त्रज्ञ टप्प्याटप्प्याने खाली उतरत गेले आणि अखेर चॅम्पियन रीफ खाणीत २,७६० मीटर खोलीवर पोहोचले. कोलारचा काळा खडक पाण्याच्या तिपटीने जड. म्हणून तेथे डोक्यावर जणू ८,४०० मीटर खोल समुद्र होता. तेथे त्यांनी सुमारे दोन महिने यंत्र चालू ठेवले. या दोन महिन्यांत एकही म्युऑन आला नाही.

या शून्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. प्रयोगशाळेत दिवसचे दिवस आकडा हलला नाही, तर माणसाच्या मनात पहिली शंका येते ती यंत्र बिघडल्याची. त्या तिघांनीही तारा तपासल्या असतील, काउंटर पुन्हा पुन्हा पारखले असतील. परंतु यंत्र धडधाकट होते. धडधाकट यंत्राने दिलेले ते शून्य म्हणजे एक नवी सनदच होती. विश्वकिरणांचा सगळा कोलाहल या खोलीवर थांबतो, याचाच अर्थ येथे जर काही वाजले तर ते दुसऱ्याच कशाचे तरी पाऊल असणार. ते दुसरे कोण, हेही तोवर कळू लागले होते. वातावरणातील त्याच वर्षावात न्यूट्रिनो नावाचे कण जन्मतात. त्यांना विद्युत्‌भार नसतो, वस्तुमान नगण्य असते, आणि ते अवघ्या पृथ्वीतून सहज आरपार निघून जातात. कोट्यवधींतून एखादाच खडकातील अणुकेंद्रकावर आदळतो आणि त्यातून म्युऑन उपजतो. खोल विवरात बसून हे म्युऑन टिपावेत, अशी कल्पना १९६० मध्ये रशियातील मार्कोव्ह आणि अमेरिकेतील ग्रायसेन यांनी मांडली होती. त्यासाठी जगात जी मोजकी स्थळे योग्य होती, त्यांत कोलार होते, आणि तेथे माणसे आधीच यंत्रांसह हजर होती.

तेव्हा त्रिपक्षीय करार झाला. मुंबईची टाटा संस्था, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ एकत्र आली, इकडून एम. जी. के. मेनन, श्रीकांतन, रमणमूर्ती, नरसिंहम, तिकडून मियाके आणि आर्नोल्ड वुल्फेंडेल अशी ती मंडळी. खाणीच्या हीथकोट विवरातून खाली जाऊन सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर त्यांनी जी यंत्रे उभी केली, त्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात एक सुंदर तर्क आहे. प्लास्टिक सिंटिलेटरच्या दोन उभ्या भिंती समोरासमोर. कण आरपार गेला की त्या क्षणमात्र उजळतात. दोहोंच्या मध्ये निऑन वायूने भरलेल्या काचेच्या नळ्यांच्या आडव्या रांगा आणि शिशाचे जाड पत्रे. दोन्ही भिंतींनी एकाच वेळी इशारा दिला की नळ्यांना उच्च दाबाच्या विजेचा झटका बसे. ज्या नळ्यांतून कण गेला असेल तेवढ्याच तांबूस चमकत, आणि काळोखात सज्ज ठेवलेला कॅमेरा त्यांचे छायाचित्र घेई. फिल्म धुतली की काळ्या पार्श्वभूमीवर ठिपक्यांची एक रेषा दिसे.

भिंती उभ्या का? वरून येणारे जे थोडेबहुत म्युऑन एवढ्या खोलीवर टिकत, ते जवळजवळ सरळ डोक्यावरून येत, कारण तिरका मार्ग म्हणजे आणखी खडक. क्षितिजाला समांतर आलेल्या म्युऑनला वाटेत कितीतरी किलोमीटर दगड पार करावा लागला असता, आणि ते कोणत्याही म्युऑनला साध्य नाही. न्यूट्रिनोला मात्र वरचे, खालचे, बाजूचे सारे मार्ग सारखेच. म्हणून आडवी रेषा दिसली तर ती बाजूच्या खडकात न्यूट्रिनोने जन्मास घातलेल्या म्युऑनचीच असणार. १९६५ च्या पूर्वार्धात अशा रेषा मिळाल्या. शोधनिबंध जुलैमध्ये प्रकाशकाच्या हाती पडला आणि १५ ऑगस्टच्या अंकात छापून आला.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या तशाच एका सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांची तुकडी हेच काम करीत होती. त्यांना पहिली नोंद २३ फेब्रुवारी १९६५ रोजी मिळाली होती. मात्र त्यांचा निबंध छापला गेला तो कोलारच्या निबंधानंतर पंधरा दिवसांनी. पहिला मान कोणाचा, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. दोघांनी स्वतंत्रपणे, एकाच वर्षी, पृथ्वीच्या दोन टोकांना, सोन्यासाठी खणलेल्या दोन विवरांत एकच गोष्ट पाहिली, एवढे मला पुरेसे वाटते. कोलारचा निबंध छापून आल्यावर अवघ्या पाच महिन्यांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, माँ ब्लाँवर विमान कोसळून भाभा गेले. ज्या कामाला त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी चालना दिली होती त्याचे हे फळ तेवढे त्यांच्या हयातीत हाती आले.

यानंतरच्या दोन तपांची हकिकत मी थोडक्यात सांगतो. प्रोटॉन हा अमर कण नसून अतिदीर्घ काळाने का होईना तो नष्ट होत असावा, असे सिद्धान्त १९७० नंतर पुढे आले. ते पडताळण्यासाठी १९८० मध्ये कोलारला १४० टन लोखंडाचे यंत्र उभे राहिले. चौकोनी लोखंडी नळ्यांचे थरावर थर, प्रत्येक नळी म्हणजे एक काउंटर. हे १४० टन लोखंड खाणीच्या पाळण्यातून तुकड्या-तुकड्यांनी उतरवावे लागले आणि बोगद्यातून आत न्यावे लागले. १९८५ मध्ये २६० टनांचे दुसरे यंत्र आले. प्रोटॉनच्या मृत्यूच्या काही खुणा दिसल्याचे कोलारच्या मंडळींनी प्रसिद्ध केले खरे, पण इतर ठिकाणच्या मोठ्या यंत्रांनी त्यास दुजोरा दिला नाही. खाणीच्या वर जमिनीवर काउंटरांची जी मांडणी होती तिने आकाशातील उग्र स्थळांवर पहारा ठेवला. वृषभ राशीतील क्रॅब तेजोमेघ, ज्याच्या मूळ ताऱ्याचा स्फोट चिनी ज्योतिष्यांनी १०५४ मध्ये पाहिला होता, त्याच्या दिशेकडून २३ फेब्रुवारी १९८९ रोजी अतिप्रखर ऊर्जेच्या किरणांची लाट आल्याचे तिने नोंदवले आणि कॉकेशसमधील बाकसान येथील यंत्रानेही तसेच सांगितले. त्या एका दिवसाच्या नोंदीवर निर्णायक शिक्का मात्र पुढे बसला नाही.

दरम्यान खाण म्हातारी होत होती. १९५६ मध्ये ती म्हैसूर सरकारच्या मालकीची झाली, १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स या केंद्रीय कंपनीकडे गेली. शिरा पातळ होत गेल्या, खर्च वाढत गेला. खोलवरच्या पातळ्या एकामागून एक सोडून देण्यात आल्या आणि १९९२ च्या सुमारास शास्त्रज्ञांनाही आपला गाशा गुंडाळावा लागला. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. एकशे वीस वर्षांत तिने सुमारे ८०० टन सोने दिले होते.

येथे मनाला लागते ते जपानचे उदाहरण. कामिओका ही जस्ताची खाण. तेथे मासातोशी कोशिबा यांनी १९८३ मध्ये ३,००० टन पाण्याची टाकी बसवली ती कोलारप्रमाणेच प्रोटॉनचा मृत्यू पाहण्यासाठी. तो त्यांनाही दिसला नाही. पण २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे अकरा न्यूट्रिनो त्या टाकीत टिपले गेले, आणि ताऱ्याच्या गाभ्यात मृत्यूच्या क्षणी काय घडते याची पहिली प्रत्यक्ष साक्ष माणसाला मिळाली. जपानने त्याच खाणीत ५०,००० टनांची टाकी बांधली. तिने १९९८ मध्ये दाखवून दिले की न्यूट्रिनो वाटेत आपली जात पालटतात, म्हणजेच त्यांना वस्तुमान आहे. ज्या न्यूट्रिनोंवर हे सिद्ध झाले ते वातावरणात जन्मणारेच होते, ज्यांची पहिली छबी कोलारच्या फिल्मवर उमटली होती. अमेरिकेत होमस्टेक ही सोन्याची खाण २००२ मध्ये बंद पडली, पंप थांबले, पाणी चढले. पण रेमंड डेव्हिस यांनी सूर्याचे न्यूट्रिनो तेथे मोजले होते याची जाण ठेवून ते पाणी पुन्हा उपसण्यात आले आणि आज तेथे प्रयोगशाळा आहे. आपणाकडे कोलार सुटल्यावर तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात नवी भूमिगत वेधशाळा उभारण्यास जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. स्थानिक विरोध आणि परवानग्यांचे पेच यांत ती अडकून पडली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांच्या भीतीला मी तुच्छ लेखणार नाही. परंतु जे विवर तयार होते, ज्याची किंमत तीन-चार पिढ्यांच्या मजुरांनी आधीच भरली होती, ते राखण्याचा विचार वेळेवर व्हावयास हवा होता, हा माझा आक्षेप आहे आणि तो मी मागे घेत नाही.

१९६५ च्या त्या निबंधावर शास्त्रज्ञांची नावे आहेत, ती योग्यच आहेत. पाळणा चालवणारे, छताला टेकू देणारे, शिसे आणि लोखंड पाठीवरून बोगद्यात नेणारे, फिल्मचे डबे वर आणणारे यांची नावे त्यावर नाहीत. त्यांच्यापैकी जे शेवटच्या यंत्रांवर राबले त्यांतील काही जण मारिकुप्पम आणि चॅम्पियन रीफच्या चाळींतून अजून राहत असतील. विज्ञानाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे की, तामिळ जाणणारा एखादा सोबती घेऊन त्यांनी तेथे जावे आणि या माणसांना जे आठवते ते लिहून घ्यावे. हीथकोट विवरात खाली उतरून पाहता येईल असे आता काही नाही. तेथे पाणी आहे.